गावात सोलर आणि सार्वजनिक वायफाय चालवणारी संस्था: नोंदणीपासून भिंतीवरच्या हिशोबापर्यंत

जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ९.४ किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रीड बसला. ३९ घरं, आणि तोवर महावितरणची लाईन वाडीत पोचलेलीच नव्हती. पैसे बॉश सोलरने दिले, उभारणी पुण्याच्या ग्राम ऊर्जा कंपनीने केली, पण चालवायला गावकऱ्यांचाच ट्रस्ट ठेवला. प्रत्येक घराला मीटर, महिन्याला बिल, आणि ते पैसे ट्रस्टच्या खात्यात जमा, कारण पुढे बॅटऱ्या बदलाव्या लागणार हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आता बिहारमधलं धरनई बघा, जहानाबाद जिल्हा. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटचा मायक्रोग्रीड उभा केला, देशभर गाजला, आणि काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या, मधल्या काळात सरकारी लाईन आली, ती स्वस्त पडायला लागली आणि प्रोजेक्ट बंद पडला.

दोन्ही ठिकाणी पॅनेल चांगलेच होते. म्हणून मला आधीच सांगायचंय की पॅनेल आणि राऊटर बसवणं हा यातला सोपा भाग आहे, वेंडर दोन दिवसांत बसवून जातो. चौथ्या-पाचव्या वर्षी बॅटरीचे पैसे कुठून येणार हा खरा प्रश्न, आणि लोक दर महिन्याला पन्नास रुपये तेव्हाच देतात जेव्हा मागच्या महिन्याच्या पन्नास रुपयांचं काय झालं हे त्यांना जाता-येता दिसतं. त्यामुळे या लेखात हिशोबावर जास्त आणि पॅनेलवर कमी लिहिलंय.

सोलर आणि इंटरनेट एकत्र का

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात लाईटचे खांब पडले, आणि लाईट गेली की मोबाईलचे टॉवरही गेले. मुंबई-पुण्यातल्या लोकांना घरच्यांचा आवाज ऐकायला कितीतरी दिवस थांबावं लागलं. वीज आणि नेट एकमेकांना असे बांधलेत. नेट हवं असेल तर स्वतःची वीज हवी, आणि नुसती वीज दिली तर लोकांना त्याचं फार अप्रूप राहत नाही कारण लाईन आता बहुतेक गावांत आहेच. पण लाईट गेल्यावरही नेट चालू राहिलं तर त्याची किंमत लगेच कळते.

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतात मांकोसी नावाची वस्ती आहे, तिथे झेन्झेलेनी ही लोकांची सहकारी संस्था वायरलेस नेटवर्क चालवते. वेस्टर्न केप विद्यापीठातल्या लोकांनी मदत केली, घरांवर सोलरवर चालणारी स्टेशनं बसवली, आणि सुरुवातीला कमाई कशातून झाली तर त्या सोलरवर फोन चार्ज करून देण्यातून. नेटचे पैसे नंतर आले. आणि आपल्याकडे पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकरांच्या टीमने ग्राममार्ग प्रकल्पात भारतनेटच्या (गावोगाव इंटरनेटचं फायबर नेणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या) ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरपासून पुढच्या पाड्यांपर्यंत वायरलेसने नेट नेलं. त्यांनी पंचायतीलाच भागीदार करून घेतलं, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं बक्षीसही मिळालं. म्हणजे हे आपल्या मातीत करून झालंय.

पहिली पायरी: ग्रामसभेच्या आधी वाडीवाडीत बसा

डायरेक्ट ग्रामसभेत विषय मांडू नका. ग्रामसभेत ठराविक लोक बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि नंतर पैसे द्यायची वेळ आली की "आम्हाला कुठे विचारलं होतं". आधी प्रत्येक वस्तीत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत जाऊन तीनच गोष्टी विचारा. नेट नक्की कशासाठी हवंय, आत्ता रिचार्जवर घरात महिन्याला किती जातात, आणि लाईट साधारण कधी आणि किती वेळ जाते. उत्तरं वहीत लिहा, नंतर सगळं डिझाईन याच वहीतून निघतं.

बायकांना वेगळं विचारा, हे मी मुद्दाम सांगतोय. वायफाय पॉइंट कुठे बसवायचा म्हटलं की पुरुष म्हणतात पारावर किंवा एसटी थांब्यावर. संध्याकाळी सातनंतर तिथे कॉलेजची मुलगी फॉर्म भरायला जाऊन बसणार आहे का? नाही बसणार. मग तो पॉइंट अर्ध्या गावाचाच झाला. अंगणवाडी, ग्रंथालय, बचत गटाची खोली, आरोग्य उपकेंद्र, यातला एक तरी पॉइंट पहिल्याच टप्प्यात धरा.

एवढं झालं की मग ग्रामसभा, आणि लेखी ठराव घ्या. ठरावात जागा नाव घालून लिहा, म्हणजे शाळेचं छत, पाण्याची टाकी, ग्रामपंचायतीची इमारत असं. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही, शिक्षण विभागाची परवानगी वेगळी लागते. किती वर्षांसाठी जागा, आणि संस्था बंद पडली तर सामान कोणाचं, हेही त्याच ठरावात. निवडणूक झाली की सरपंच बदलतो आणि तोंडी शब्दाला काही अर्थ राहत नाही.

दुसरी पायरी: नोंदणी

महाराष्ट्रात तीन रस्ते आहेत. सोसायटी, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात होतात. दुसरा रस्ता नुसता ट्रस्ट, त्याला सात जण लागत नाहीत, पण विश्वस्त मोजके असतात आणि बाकी गावाला मतदान नाही. तिसरा कंपनी कायदा २०१३ चं कलम ८, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, ती दोन संचालकांवर चालू होते, पण दरवर्षीची कागदपत्रं जास्त आणि सीएची फीही जास्त.

माझं स्पष्ट मत सोसायटीच्या बाजूने आहे. तिच्यात सर्वसाधारण सभा असते, सभासद कार्यकारिणी बदलू शकतात, आणि गावाची गोष्ट गावाच्या हातात राहते. सहकारी संस्थाही करता येते, गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडीत २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सोलर पंपांची उरलेली वीज कंपनीला विकायला सहकारी मंडळी काढली आणि ती कल्पना फार चांगली आहे, पण तिथे नफा सभासदांना मिळतो. आपल्याला सार्वजनिक काम आणि देणग्या हव्यात तर तो रस्ता वेगळा.

नियमावली लिहिताना नमुना कॉपी-पेस्ट करू नका. त्यात हे असू द्या: एका घरातले दोन जण कार्यकारिणीत नकोत, खजिनदार सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नको, कार्यकारिणीतल्या कोणाच्या नातेवाईकाकडून खरेदी करायची असेल तर ते आधी लेखी सांगायचं आणि त्या माणसाने त्या निर्णयात मत द्यायचं नाही, आणि विसर्जन झालं तर मालमत्ता तशाच दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला जाईल, सभासदांना नाही. उद्देशाचं कलम सीएला दाखवूनच फायनल करा, कारण नुसतं "सार्वजनिक उपयोगाचं काम" असं धरलं गेलं तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, करसवलत जाते. कूपन विकून नेट चालवणाऱ्या संस्थेला हे सरळ लागू पडू शकतं.

नोंदणी झाली की पॅन, बँक खातं, मग आयकरातली १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, सीएला नव्या कलमानेच अर्ज करायला सांगा), आणि सामाजिक संस्थांची यादी ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म, पण कंपन्या साधारण तीन वर्षांचं काम बघतात, म्हणून पहिल्या वर्षी त्या आशेवर बजेट बांधू नका.

परदेशातल्या गावकऱ्यांबद्दल बरेच गोंधळ असतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेला तुमचा भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने बँकेतून दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ते पैसे परदेशी देणगी ठरतात आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. ती नोंदणी नव्या संस्थेला सहज मिळत नाही, तीन वर्षं आणि त्या काळात १५ लाखांचं काम दाखवावं लागतं. तेव्हा देणगी घेण्याआधी नागरिकत्व विचारा, भाच्याला वाईट वाटेल पण विचारा.

तिसरी पायरी: एक युनिटही तयार व्हायच्या आधी हिशोबाची घडी

हे काम पॅनेलच्या आधी. नंतर करू म्हटलं की राहून जातं, पहिल्या खरेदीची बिलं कोणाच्या तरी खिशात राहतात आणि मग कितीही प्रामाणिक माणसं असली तरी संशय सुरू होतो.

बँकेत दोन खाती काढा. एक रोजच्या खर्चाचं, दुसरं फक्त देखभाल निधीचं. दोन्हीवर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, तिघं वेगवेगळ्या वस्तीतले, आणि एक तरी बाई, तिही फक्त नावाला नको, चेकबुक तिच्या घरी ठेवा. यूपीआयचा क्यूआर संस्थेच्याच नावाचा. "सध्या माझ्या नंबरवर टाका, नंतर भरतो" हे एकदाही होऊ देऊ नका, त्यातून संस्था फुटतात. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी घेतली तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर संस्थेलाच आयकरात अडचण येते. त्यामुळे जमेल तितकं सगळं बँकेतून.

कॅशबुक हाताने लिहिलं तरी चालेल, पण रोज. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, व्हाउचरला नंबर, मागे मूळ बिल चिकटवलेलं. ठरावीक रकमेच्या वर (समजा १०,०००) तीन कोटेशन आणि एका पानावर तुलनेचा तक्ता, आणि सगळ्यात स्वस्त घेतलं नसेल तर का नाही घेतलं याचं दोन ओळींचं कारण खाली. हे कारण लिहिणं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण स्वस्तातली बॅटरी न घेणं हा बऱ्याचदा बरोबर निर्णय असतो, पण कारण लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी तोच निर्णय घोटाळ्यासारखा दिसतो.

आता भिंत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये कोट किराणात पहिली जनसुनवाई घेतली, सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली, आणि ज्यांच्या नावाने मजुरी उचलली होती ती माणसं समोरच बसलेली होती. माहिती अधिकाराची चळवळ तिथून मोठी झाली, पुढे राजस्थानात रोजगार हमीचे हिशोब भिंतींवर रंगवायची पद्धतही आली. आपण हेच स्वतःला लावून घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या नाहीतर दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने चौकट रंगवा, आकडे खडूने नाहीतर मार्करने दर महिन्याला बदलायचे. मागची शिल्लक, या महिन्याची जमा (कूपन, वर्गणी, देणगी वेगवेगळी), खर्च (नेटचं बिल, मानधन, दुरुस्ती), देखभाल निधीत टाकलेले, आणि आजची दोन्ही खात्यांची शिल्लक. त्याखाली सेवेचे आकडे: किती युनिट तयार झाले, नेट किती तास बंद होतं आणि का. बंद राहिलेले तास लपवू नका, लोकांना ते माहीतच असतात, तुम्ही लिहिलेत की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

दर तीन महिन्यांनी व्हाउचरची फाईल घेऊन पारावर बसा आणि वाचून दाखवा, कारण भिंत सगळ्यांनाच वाचता येत नाही. भिंतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही जाऊ द्या, मुंबईला असलेले चाकरमानी तेच बघून पैसे पाठवतात.

उघड काय करायचं नाही हेही ठरवा. थकबाकीदारांची नावं भिंतीवर लिहू नका, "या महिन्यात ११ घरांची वर्गणी बाकी" एवढं पुरे. गावात एखाद्याची अडचण असते, मुलाचं शिक्षण, दवाखाना, आणि नाव लिहिलं की ते घर कायमचं तुटतं. कोणी कोणती साईट बघितली ही माहिती तर संस्थेतल्या कोणीही बघायची नाही, विषयच नको.

वर्षअखेरीला ऑडिट, धर्मादाय कार्यालयात हिशोबपत्रकं, ८०जीवाल्या देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत. आणि एक गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या केसमध्ये सांगितलंय की सरकारकडून भरीव पैसा घेणाऱ्या संस्थाही माहिती अधिकाराखाली येतात. तुम्ही सरकारी निधी घ्या नाहीतर नका घेऊ, स्वतःहून एक माहिती अधिकारी नेमून टाका, अर्ज आला तर आनंदाने उत्तर द्या.

चौथी पायरी: सोलर, आणि कोणत्या योजनेत काय बसतं

इथे दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. एक, लोकांच्या घरांवरचं सोलर. दुसरं, संस्थेच्या नेटवर्कसाठी लागणारी छोटी वीज.

घरांसाठी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना आहे. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान. पॅनेल देशी बनावटीचे, म्हणजे डीसीआरवाले लागतात, वेंडर यादीतला लागतो, आणि अनुदान नंतर ग्राहकाच्या खात्यात येतं, म्हणजे आधी पैसे उभे करावे लागतात. संस्थेने इथे पैसे हातात घेऊच नयेत. फॉर्म भरून द्या, बँकेच्या कर्जाचे कागद बघून द्या, दहा-पंधरा घरांचं एकत्र कोटेशन मागवून भाव खाली आणा, एवढी मदतच पुष्कळ आहे. साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तिथलं उदाहरण लोकांना सांगा, जमलं तर गाडी करून दाखवून आणा. बघितल्यावर लोक तयार होतात.

संस्थेच्या इमारतीला हे घरगुती अनुदान मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या. गावात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा प्रकल्प आला असेल तर मात्र ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. त्यातला काही भाग सार्वजनिक वायफायसाठी मागायला ग्रामसभेत हक्काने उभे राहा.

आता नेटवर्कची वीज. फायबरचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडतात तो डबा), राऊटर, वायरलेसने नेट पुढे नेणारे दोन रेडिओ, छोटा स्विच असं सगळं मिळून ४० वॅट धरा. चोवीस तास म्हणजे ९६० वॅट-तास, साधारण दिवसाला १ युनिट. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, पण सरासरीवर डिझाईन करू नका, जुलैवर करा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैत चांगलं ऊन जेमतेम सव्वादोन तासांचं धरायचं, वायर-बॅटरीत ३० टक्के तूट, म्हणजे १ युनिटसाठी ६०० ते ६५० वॅटचं पॅनेल लागतं. ३३० चे दोन बसवले की झालं. विदर्भ-मराठवाड्यात थोडं कमी चालेल.

बॅटरी दोन दिवस पुरेल अशी घ्या, म्हणजे २ युनिट. २४ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच युनिटची होते, ती बसते. लेड-अ‍ॅसिड घेतलीत तर तिच्यातली निम्मीच वापरायची असते, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर घेऊनही थोडं कमीच पडतं, शिवाय पाणी घालत बसा. सुरुवातीला लिथियम महाग वाटते, पण घेतलेली बरी. आणि मध्ये इन्व्हर्टर टाकू नका, तो रिकामा चालतानाच पंधरा-वीस वॅट खातो. राऊटर-रेडिओ सगळे डीसीवर चालतात, चांगला एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा) आणि डीसी कन्व्हर्टर लावून सरळ सप्लाय द्या.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे सावंतवाडीला १६ आणि नागपूरला २१ अंशांच्या आसपास. स्ट्रक्चर वाऱ्यासाठी डिझाईन केलेलं हवं, किनाऱ्यावर तर जास्तच. अर्थिंग आणि लाईटनिंग अरेस्टर (वीज पडण्यापासून बचाव करणारा) यात काटकसर करायची नाही, टाकीवरचा मास्ट (रेडिओचा उंच खांब) हा बऱ्याचदा गावातला सगळ्यात उंच धातू असतो. माकडं असतील तर सगळ्या केबल पाईपातून घ्या. पॅनेल सकाळी ऊन तापायच्या आधी साध्या पाण्याने पुसायचे, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

पाचवी पायरी: इंटरनेट कायद्यात बसवून

घरगुती ब्रॉडबँड घेऊन तो गावात वाटून पैसे घेणं चालत नाही. त्यासाठी पीएम वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. यात तुमची संस्था पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) होते, म्हणजे जुन्या एसटीडी-पीसीओ बूथसारखं, पीडीओला लायसन्स नाही, नोंदणी फी नाही. वर एक पीडीओए (बऱ्याच पीडीओंना एकत्र सांभाळणारा) असतो, तो दूरसंचार विभागाकडे नोंदलेला असतो, लोकांना नेट वापरायची मुभा देणं, कूपनचा हिशोब, लॉग (वापराच्या नोंदी) जपून ठेवणं ही जबाबदारी त्याची, आणि ओटीपीने ओळख योजनेतलं अ‍ॅप पटवतं. हे फार सोयीचं आहे, कारण लोकांचा डेटा गावातल्या कोणाच्या लॅपटॉपवर येतच नाही. फुकट दिलं तरी ओटीपी लागतोच, पासवर्ड भिंतीवर लिहून सगळ्यांना मोकळं सोडू नका, उद्या कोणी काही गैर केलं तर पोलीस कनेक्शनवाल्याकडे येतात.

गावात नेट आणणारं मूळ कनेक्शन कुठलं घ्यायचं? पंचायतीपर्यंत भारतनेटचं फायबर आलंय का ते आधी बघा, आणि नुसतं आलंय का नाही, चालू आहे का बघा. नाहीतर गावातल्या केबलवाल्याचं, बीएसएनएलचं, जे कुणाचं तुटल्यावर लवकर जोडलं जातं ते. मोठी कंपनी की छोटी हा प्रश्न नाही, स्प्लायसिंगवाला (तुटलेलं फायबर जोडणारा) किती तासात येतो हा आहे. पूर्वी पीडीओला कंपन्या महागडी लीज लाईन (धंद्यासाठीची खास राखीव लाईन) घ्यायला सांगायच्या, २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. कंपनीचा माणूस जास्त सांगत असेल तर हा आदेश दाखवा.

वाड्यांपर्यंत न्यायला ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ. ऑक्टोबर २०१८ पासून या बँडचा मोठा पट्टा लायसन्समुक्त आहे, ठरलेल्या पॉवरच्या आत वापरायचा. अटी एवढ्याच की दोन्ही टोकं एकमेकांना स्वच्छ दिसली पाहिजेत, आणि दिसली म्हणजे पानांच्या फटीतून नाही. सर्व्हे पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, लिंक झकास लागते, जुलैत तीच पानं भरून ओली झाली की सिग्नल खातात आणि मग गावभर बोंब.

सहावी पायरी: महिन्याचं गणित

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे कोटेशन घालून बदला. बॅटरी ४०,००० ची आणि आठ वर्षं टिकणार, म्हणजे वर्षाला ५,००० बाजूला. रेडिओ-राऊटर ३०,००० चे, पाच वर्षं, वर्षाला ६,०००. कंट्रोलर ८,०००, आठ वर्षं, वर्षाला १,०००. झाले १२,०००, म्हणजे महिन्याला १,००० रुपये देखभाल निधीत गेलेच पाहिजेत. त्यात नेटचं बिल १,२००, देखभाल करणाऱ्या मुला-मुलीचं मानधन १,५००, किरकोळ ३००. एकूण ४,०००. ऐंशी घरांनी पन्नास रुपये दिले की बसतं, पण ऐंशीच्या ऐंशी घरं कधीच देत नाहीत, साठ धरा आणि उरलेले १,००० फोन चार्जिंग, प्रिंट-झेरॉक्स, कूपन यातून काढा. नेटचे पैसे पीडीओएच्या सिस्टीममधूनच आले पाहिजेत, वर्गणी ही देखभालीची आणि सभासदत्वाची, दोन्हीच्या पावत्या वेगळ्या.

बरेच जण इथे म्हणतात की गरीब गावाकडून पैसे कसले घ्यायचे, देणगीतून चालवू. मला हे पटत नाही. देणगीतून पहिलं सामान येऊ द्या, पण चालू खर्च देणगीवर ठेवला की देणगीदाराचं लक्ष दुसरीकडे गेलं त्या दिवशी राऊटर बंद. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना माफ करा, कोणाला माफ केलं ते दोन-तीन जणांतच ठेवा, भिंतीवर फक्त संख्या.

आणि देखभाल निधीला हात लावायचा नाही. गावात गणपती येतो, सप्ताह येतो, कोणाची मयत होते, आणि "तेवढे तात्पुरते काढू" असं बोलणं निघतंच. नियमावलीतच लिहा की या खात्यातून फक्त ठरलेल्या वस्तू घेता येतील आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. रक्कम वाढली की मुदत ठेवीत टाका, पावतीचा फोटो भिंतीवर.

पहिलं वर्ष आणि माणसं बदलताना

गावातल्याच दोघांना तयार करा, त्यातली एक मुलगी असू द्या, कारण मुलं नोकरीला पुण्याला निघून जातात आणि सून म्हणून आलेली बाई गावात राहते. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने कितीतरी वर्षं कमी शिकलेल्या, आजी झालेल्या बायकांना सोलरचं काम शिकवलंय, तेव्हा "त्यांना काय जमणार" हे ऐकून घेऊ नका. वायर सोलणं, कनेक्टर बसवणं, मल्टिमीटरने व्होल्टेज बघणं, राऊटर रिसेट, एवढं आलं की बहुतेक तक्रारी गावातच मिटतात. एक जास्तीचा रेडिओ आणि राऊटर कपाटात तयार ठेवा, पावसाळ्यात कुरिअरची वाट बघण्यात पंधरा दिवस जातात.

पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा राहिला की बँक सह्या बदलू देत नाही, जुना अध्यक्ष रुसलेला असतो आणि पैसे असूनही बॅटरी घेता येत नाही. निवड झालेल्या सभेतच अर्जावर सह्या घेऊन टाका. त्याच सभेत नव्या लोकांच्या ताब्यात द्यायची यादी करा आणि इतिवृत्ताला जोडा: चेकबुकं, व्हाउचरच्या फाईली, राऊटर आणि रेडिओचे पासवर्ड बंद पाकिटात, पीडीओए खात्याचा नोंदवलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे ते (तो संस्थेच्या सिमचा हवा, कोणाच्या खाजगी नंबरचा नको), पॅनेल-बॅटरीची वॉरंटी कार्डं सिरियल नंबरसकट, टाकीच्या शिडीच्या कुलुपाची किल्ली, आणि त्या दिवशीची दोन्ही पासबुकं बँकेतून भरून आणलेली.